मनोऱ्यावरची तडतड

१

रविवारी नव्या मठाधिपतींच्या डोक्यावर चढायचा मुकुट मठाची वस्त्रं सांभाळणाऱ्या ब्रदर वुनिबाल्डनं शुक्रवारी सकाळी पेटीतून बाहेर काढला, आणि त्याच्या आतून एक लाल पट्टी जमिनीवर पडली. दंडावर बांधायची, मधोमध पांढरा पट्टा, त्यावर हिटलरच्या पोरसवदा फौजेचं चिन्ह. वुनिबाल्ड ओरडला नाही. तो मुकुट मांडीवर घेऊन तिथल्या बाकावर मटकन बसला.

दक्षिण जर्मनीतल्या ग्राफेनलोहसारख्या गावात बातमी पायऱ्या उतरण्याआधी खानावळीत पोचते. दुपारपर्यंत गावात दोन तट पडले होते आणि तिसरा तट दोघांनाही बियर पाजत होता.

मठाचे उपप्रमुख फादर गोडेहार्ड शहाणे निघाले. त्यांनी बिशपना कळवलं नाही, वर्तमानपत्रांना तर नाहीच. त्यांनी वाल्बुर्गा रीडलबाईंना बोलावलं. रीडलबाई गुन्हे शाखेतून कमिशनर म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि गावाबाहेर मधमाश्या पाळत होत्या. पण त्यांना बोलावण्याचं कारण निराळंच होतं. त्यांचे वडील छापखान्यात अक्षरं जुळवायचे. हिटलरचं एक पत्रक छापायला नाही म्हणाले आणि छावणीत गेले ते परत आले नाहीत. ‘तेव्हा सक्तीच होती हो’ असं कुणी म्हटलं की रीडलबाईंच्या कपाळाची शीर ताडकन उभी राहायची. त्या मठाच्या बाजूनं झुकल्या असं बोलायची कुणाची टाप नव्हती.

“कुलूप फोडलेलं नाही,” वुनिबाल्ड म्हणाला. “किल्ली खिळ्यावर असते, सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाई, माझा संताप कशानं झाला सांगू? मुकुट उलटा ठेवला होता. मागे सोडायच्या दोन फिती पुढे आणून छान घडी घालून ठेवलेल्या. तोंडासमोर फिती. बकऱ्याची दाढी जशी काही.”

“पट्टीपेक्षा फितींचा राग जास्त आला तुम्हाला?”

“पट्टीचं मला काय कळतं? फिती माझं खातं आहे.”

पट्टीच्या आतल्या बाजूला आईच्या हातची असावीत अशी बारीक टाक्यांची अक्षरं होती: को. क्राइटमायर. नवे मठाधिपती फादर एमेराम साधू होण्यापूर्वी कोर्बिनियान क्राइटमायर होते, याच गावच्या चांभाराचा मुलगा. रीडलबाई पट्टी घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या. मठाधिपती उंच, वाकलेले, मोठ्या कानांचे गृहस्थ होते. त्यांनी पट्टीकडे बघितलं आणि खुर्चीची पाठ धरली.

“माझीच आहे. पंचेचाळीसच्या गुड फ्रायडेला हरवली होती.”

“काय झालं होतं त्या दिवशी?”

“मी सांगायला लागलो की ती माझी वकिली होईल, कमिशनरबाई. ज्यानं ही ठेवली, त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. त्याला विचारा. मग तुम्ही ठरवा. तुम्ही नको म्हणालात तर रविवारी मी तो मुकुट घालणार नाही, आणि हा मठही सोडीन.”

रीडलबाईंना आयुष्यात पुष्कळ निरपराध माणसं भेटली होती. त्यांतलं एकही असं बोललं नव्हतं.

२

फादर गोडेहार्ड मठाधिपतीच्या निवडणुकीत थोडक्यात हरले होते, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात केली.

“मी हरलोय, पण माझं डोकं फिरलेलं नाही,” ते म्हणाले. “तो गेला तर मला काय मिळणार? बदनाम मठाची गादी. गळकं छप्पर, म्हातारे साधू आणि दारात कॅमेरे. छे. पाच वर्षं त्यानं छप्पर दुरुस्त करावं, मग मी वर बसतो.”

“तुमची पट्टी कुठे आहे, फादर?”

“चुलीत घातली, अमेरिकन आले त्याच दिवशी. आमच्या वयाच्या सगळ्यांची होती, बाई. शाळेत नाव लागलं की त्यातही लागायचं. मी नाही म्हणायला हवं होतं, असं तुमच्या चेहऱ्यावर लिहिलंय.”

“चेहरा माझा आहे,” रीडलबाई म्हणाल्या. “तुम्ही तुमचं सांगा.”

दुसरा संशय सेप हिंटरमायरवर. सेपची खानावळ चर्चच्या समोर, आणि माशांच्या तळ्यावरून त्याचं मठाशी हाडवैर. त्याला आठवड्याला बियरची पिंपं घेऊन मठात यायची मुभा होती, म्हणजे किल्लीचा खिळाही त्याच्या वाटेवर.

“त्या लंबकर्णाचं नाक मला कापायचंच आहे,” सेप ग्लास पुसत म्हणाला, “पण तळ्याच्या पाण्यात, कोर्टात, सगळ्यांसमोर. असलं पेटीबिटीत लपवायला मी काय भित्रा आहे? आणि युद्धात मी पाळण्यात होतो. विचारायचं तर वर आईला विचारा. तिला सगळं आठवतं, फक्त काल काय जेवली ते सोडून.”

झेन्झी आजी खिडकीशी बसून बटाटे सोलत होत्या. रीडलबाईंनी पंचेचाळीसचा गुड फ्रायडे म्हणताच आजींनी सुरी खाली ठेवली.

“माझ्या डाम्फनूडलचा सत्यानाश झाला तो दिवस. उपासाचा दिवस म्हणून कुठून कुठून पीठ जमवून केले होते गं, पोरी. झाकण वेळेआधी काढलं की ते वाफेवरचे गोळे बसतात, माहीत आहे ना? तर मनोऱ्यावरच्या कार्ट्यांनी त्या वर्षी भलत्याच वेळी हाक दिली! वाटलं, आपल्यालाच उशीर झाला. झाकण काढलं, प्रार्थनेचं पुस्तक उचललं, धावले. सगळ्याच धावल्या. पुढे कितीतरी वर्षं दर गुड फ्रायडेला मी त्या पोरांना ओरडायचे, मेल्यांनो, घड्याळ बघा म्हणून.”

“आणखी काय झालं त्या दिवशी?”

“आणखी?” आजींनी पुन्हा सुरी उचलली. त्यांच्या तोंडावर एकदम दार लागलं. “आणखी काही नाही. युद्ध होतं. डाम्फनूडल बसले.”

आजी काहीतरी गिळतायत हे रीडलबाईंना दिसलं, पण म्हाताऱ्या माणसाला घाई करून काही मिळत नाही. त्या चौकात येऊन उभ्या राहिल्या. समोर चर्चच्या दारावर जुन्या बिशपांचे दगडी पुतळे होते, आणि प्रत्येकाच्या पाठीवर मुकुटाच्या दोन फिती रुळत होत्या. जन्मापासून ते पुतळे बघत मोठं झालेलं या गावचं माणूस, मग ते कितीही घाईत असो, त्या फिती पुढे घेणार नाही. गोडेहार्ड घेणार नाहीत, सेप घेणार नाही. मठात या आठवड्यात झोपलेलं एकच माणूस असं होतं, ज्याला मुकुटाची पाठ कोणती आणि पोट कोणतं ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

रीडलबाई अतिथिगृहाकडे वळल्या.

३

एल्फ्रीडे नाउयोक्सबाई उत्तरेतून, समुद्राकाठच्या कीलहून आल्या होत्या. प्रोटेस्टंट, शिक्षिका म्हणून निवृत्त, ताठ मानेच्या. पहिल्याच प्रश्नाला त्यांनी हातातली शिवण बाजूला ठेवली.

“हो, मीच ठेवली. तुम्ही यायला इतका वेळ लावला याचं नवल वाटतंय.”

“तोंडावर का नाही फेकलीत?”

“आधी तसंच ठरवलं होतं. मग तो मला बागेत भेटला. माझी पिशवी उचलली, कुठून आलात विचारलं, समुद्राबद्दल बोलत बसला. मला त्याचा राग येईना. म्हणून गुपचूप पेटीत ठेवली, नाहीतर माझ्या हातून काहीच झालं नसतं.”

आणि मग त्यांनी सांगितलं, जसं वर्गात धडा सांगावा तसं, आवाज न चढवता.

त्या बारा वर्षांच्या होत्या. पूर्वेकडून रशियन सैन्यापुढे पळत आलेल्या निर्वासितांच्या बैलगाड्या त्या दिवशी ग्राफेनलोहच्या चौकापाशी थांबल्या होत्या. त्याच वेळी पहारेकरी कैद्यांची एक रांग हाकत घेऊन आले. पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, पायांना चिंध्या. पहारेकरी चौकातल्या पंपावर पाणी प्यायला थांबले आणि तेवढ्यात तिघे कैदी गल्लीतून निसटून नांगरलेल्या शेतात पळाले.

“मी गाडीत उभी होते. मनात म्हणत होते, पळा, पळा. मग वर बघितलं. मनोऱ्याच्या खिडकीत हा उभा. माझ्याहून थोडाच मोठा. दंडाला ही पट्टी. त्यानं शेताकडे बघितलं, पट्टी ओढून काढली आणि वाकला. आणि मशीनगन सुरू झाली. तडतडतडतड, थांबेचना. तिघेही पालथे पडले. एकही उठला नाही.”

“मग?”

“मग जे झालं ते त्याहून वाईट. घरांची दारं उघडली आणि काळे कपडे घातलेल्या बायका बाहेर आल्या. हातात प्रार्थनेची पुस्तकं! शेतात माणसं मरून पडलीत आणि या गप्पा मारत, शाल सावरत चर्चला निघाल्या. अख्खी गल्ली भरून. एकीनं मान वळवली नाही. आमच्याकडे कुणी मेलं की घंटा तरी वाजते. तुमच्या गावची घंटासुद्धा मुकी राहिली.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. “पट्टी वाऱ्यानं खाली आली, ती मी उचलली. आमची गाडी निघाली. मी मागे वळून बघितलं नाही. हिंमत नव्हती. त्यानंतर आजवर मी त्या तिघांशिवाय एक दिवस झोपले नाही, कमिशनरबाई. आणि परवा वर्तमानपत्रात त्याचं जुनं नाव वाचलं.”

रीडलबाईंनी आयुष्यभर साक्षीदार ऐकले होते. ही बाई खोटं बोलत नव्हती. त्यांना स्वतःचे वडील आठवले, आणि मठाधिपतींचे ते मोठे, प्रेमळ कान आठवले. त्यांना तो माणूस आवडला होता, हेच त्यांना सहन होईना.

“मी त्यांना विचारते,” त्या म्हणाल्या.

फादर एमेराम प्रार्थनेहून परतत होते. रीडलबाईंनी ओवरीतच गाठलं.

“त्या दिवशी मनोऱ्यावर तुम्ही होतात?”

“हो. विमानं दिसली की कळवायचं, अशी नेमणूक होती.”

“तो आवाज तुम्ही केलात?”

“मीच केला.”

“आणि तिघे शेतात पडले.”

मठाधिपतींनी डोळे मिटले. “पडले. दर गुड फ्रायडेला मी त्या तिघांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतो. मला त्यांची नावंही माहीत नाहीत.”

यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

४

शनिवारी सकाळी रीडलबाई मनोरा चढल्या. निकाल ठरल्यासारखाच होता, पण जागा न बघता निकाल द्यायची त्यांना सवय नव्हती. गुडघे कुरकुरत होते आणि डोक्यात नाउयोक्सबाईंचं बोलणं फिरत होतं. त्यातली एक गोष्ट काही केल्या बसत नव्हती.

बायका बाहेर कशा आल्या?

डोक्यावर मशीनगन तडतडत असताना माणूस घरात शिरतो. पलंगाखाली, तळघरात, पिंपामागे. ग्राफेनलोहच्या बायका कितीही भाविक असोत, गोळीबार ऐकून प्रार्थनेचं पुस्तक शोधणार नाहीत. शिवाय गप्पा मारत? आणि झेन्झी आजीसुद्धा त्या दिवशी धावल्या होत्या. गोळ्यांचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. त्यांची तक्रार होती ती वेळेची.

रीडलबाई मनोऱ्याच्या माथ्यावरच्या खोलीत पोचल्या. खिडकीतून चौक, पंप, गल्ली आणि पलीकडचं शेत हातावर ठेवल्यासारखं दिसत होतं. बंदूक टेकवायला कठडा नव्हता. कोपऱ्यात कोळिष्टकांखाली एक लाकडी खोकं होतं, लहान मुलाच्या शवपेटीएवढं, वर हातोड्यांची रांग, कडेला लोखंडी दांडी.

त्यांनी वाकून त्यावरची कोळिष्टकं झटकली. मग स्वतःशीच म्हणाल्या, “वाल्बुर्गा, तू गाढव आहेस.” आणि दोन्ही हातांनी दांडी फिरवली.

कान बधिर झाले. लाकडी हातोडे फळीवर कोसळत होते, एकामागून एक, न थांबता. तडतडतडतड. चौकात सेप दारात आला. मागोमाग शेजारणी आल्या. सगळ्यांनी वर बघितलं, आणि मग हसू फुटलं.

“बाई, गुड फ्रायडे होऊन गेला की!” कुणीतरी ओरडलं. “पुढच्या वर्षीची प्रॅक्टिस का?”

रीडलबाईंनी हात वर केला आणि सहज मठाच्या बागेकडे नजर टाकली. त्यांचं हसू तिथेच आटलं. गुलाबांच्या वाफ्यात नाउयोक्सबाई पालथ्या पडल्या होत्या, दोन्ही हात डोक्यावर धरून.

५

“पाणी नको, काहीतरी कडक द्या,” रीडलबाईंनी सेपला सांगितलं. त्यांनी नाउयोक्सबाईंना स्वतः धरून खानावळीत आणलं होतं आणि आधी त्यांची माफी मागितली होती. मग मठाधिपतींना बोलावलं, गोडेहार्ड न बोलावता आले, आणि झेन्झी आजींना सेपनं खुर्चीसकट खाली आणलं.

“तुमच्याकडे हे नसतं,” रीडलबाई नाउयोक्सबाईंना म्हणाल्या. “आमच्या कॅथलिक गावांत गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळपासून घंटा वाजत नाहीत. पोरांना सांगतात की घंटा रोमला गेल्यात. त्या परत येईपर्यंत मनोऱ्यावरचा लाकडी खडखडा फिरवून लोकांना प्रार्थनेला बोलावतात. तुम्ही ऐकलीत ती मशीनगन नव्हती. म्हणून घंटा मुकी होती, आणि म्हणूनच बायका पुस्तकं घेऊन बाहेर आल्या. त्यांना मनोऱ्यानं बोलावलं होतं.”

“पण ते तिघे पडले,” नाउयोक्सबाई पांढऱ्या ओठांनी म्हणाल्या. “मी पाहिलं.”

“तुम्ही आज सकाळी पडलात तसे. तेही परके होते. त्यांनाही ती बंदूकच वाटली.”

रीडलबाई मठाधिपतींकडे वळल्या.

“प्रार्थनेची वेळ झाली नव्हती. झेन्झी आजी इतकी वर्षं तेच सांगतायत. मग खडखडा का फिरवलात?”

फादर एमेराम टेबलाच्या लाकडाकडे बघत बोलले. “पहारेकरी पाणी पीत होते. त्यांनी मान वळवली असती तर गल्लीतून सरळ शेत दिसलं असतं. मला ओरडता येत नव्हतं. एवढंच सुचलं की गल्ली माणसांनी भरली पाहिजे. पट्टी दांडीत अडकत होती, ती काढून टाकली. बायका आल्या, गल्ली भरली. पण तिघे पडले ते उठेनात. तेवढ्यात आमच्या पोरांच्या तुकडीचा प्रमुख वर आला आणि भलत्या वेळी वाजवलं म्हणून त्यानं माझ्या कानाखाली जाळ काढला. संध्याकाळी जंगलातून गोळ्या ऐकू आल्या. मी समजलो. माझ्या आवाजानं ते थांबले नसते तर जंगलाच्या आत पोचले असते.”

“आणि हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? तिघांना वाचवायला गेलो आणि मारून बसलो, हे? शिवाय दुसऱ्या दिवशी मी नवी पट्टी बांधली, बाई. हात वर करून सलामही ठोकला. तेही धरा हिशेबात.”

“अगं बाई,” झेन्झी आजी म्हणाल्या. सगळ्यांनी तिकडे बघितलं. “म्हणजे ते कार्टं तू होतास?”

“हो, आजी.”

“आणि मेले कोण म्हणतोस?”

फादर एमेराम उभे राहिले.

“पोटावर सरपटत आले तिघे, चर्चच्या आवाराच्या भिंतीपाशी,” आजी म्हणाल्या. “मी तिथेच होते. माझी शाल एकाला, बहिणीची दुसऱ्याला, तिसऱ्याला कुणीतरी टेबलक्लॉथ दिला. बायकांच्या घोळक्यातून आत नेले. येशूच्या कबरीचा लाकडी देखावा उभा केला होता, त्याच्या मागे बसवले. गोळ्या झाडल्या तेव्हा ते माझ्या शेजारी थरथरत होते. तिघे मारले असं वर सांगायचं होतं पहारेकऱ्यांना, म्हणून झाडांना गोळ्या घातल्या. अमेरिकन येईपर्यंत आमच्या माळ्यावर राहिले. बसलेले डाम्फनूडल त्यांनीच खाल्ले. म्हणाले, असे कधी खाल्ले नव्हते. नशीब माझं.”

“आई!” सेपनं हातातली बाटली खाली ठेवली. “हे कधी सांगितलं नाहीस?”

“कुणाला सांगू? युद्ध संपलं, आणि जो तो म्हणायला लागला, आमच्या माळ्यावर आम्ही कुणाला तरी लपवलं होतं. एवढे माळे होते कुठे या गावात? त्या रांगेत जाऊन उभी राहू?”

मठाधिपतींनी म्हाताऱ्या बाईचे दोन्ही हात धरले आणि ते रडायला लागले, मोठ्यानं, लहान मुलासारखे, लाज न बाळगता. गोडेहार्डनी खिशातून रुमाल काढला आणि तो स्वतःच वापरला.

रीडलबाई उठल्या. आनंद लपवायची त्यांना अजिबात इच्छा नव्हती.

“फादर, तुम्ही मला ठरवायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशीची पट्टी आणि सलाम मी धरला हिशेबात. ती पट्टी बांधायची सक्ती होती. ती दांडी फिरवायची सक्ती तुमच्यावर कुणीही केली नव्हती. उद्या मुकुट घाला. आणि वुनिबाल्डला म्हणावं, फिती मागे.”

६

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नाउयोक्सबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या, कारण मठाधिपतींनी स्वतः हात धरून तिथे नेलं होतं. मुकुट डोक्यावर चढला तेव्हा सेप हिंटरमायरनं सगळ्यांआधी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, पण त्याचं बघून अख्ख्या गावानं वाजवल्या.

मग खानावळीत बँड, भाजलेलं डुकराचं मांस, बियर आणि तळ्यावरून नवं भांडण. त्या गदारोळात झेन्झी आजी भिंतीवरच्या टेलिफोनमध्ये ओरडत होत्या. तिघांपैकी एक, बोलेस्वाव, अमेरिकेत शिंपी झाला होता. वर्षातून एकदोनदा तो फोन करायचा, सेपला वाटायचं आईचं कुणी जुनं गिऱ्हाईक, आणि आज आजींनी केला होता.

“हो, हो, तोच! खडखडेवाला! घे, बोल त्याच्याशी!”

फादर एमेरामनी रिसीव्हर कानाला लावला. ते बोलले, हळू, आणि काय बोलले ते बँडमुळे कुणाला ऐकू आलं नाही. मग त्यांनी रिसीव्हर नाउयोक्सबाईंपुढे धरला. त्या मागे सरल्या. रीडलबाईंनी त्यांना पाठीला हात लावून पुढे केलं.

“मी... तुम्ही मला ओळखत नाही,” नाउयोक्सबाई म्हणाल्या. “मी बैलगाडीत होते. तेव्हा बारा वर्षांची. तुम्ही पडलात ते मी पाहिलं.”

तारेच्या पलीकडे एक म्हातारा हसला, इतक्या मोठ्यानं की शेजारी उभ्या रीडलबाईंनाही ऐकू आलं, आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला,

“मग उठलो तेही बघायला थांबायचं होतंस की, पोरी.”